पो नदीकाठी वाचलेला टोबायस जोन्स

टोबायस जोन्सचं एकच पुस्तक घेणार असाल तर ‘द पो’ घ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या बाकीच्या पुस्तकांविषयीही मला बरंच बोलायचं आहे, आणि नदीचा विषय निघाला की मी लवकर थांबत नाही.

मी सांगलीचा. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बहुतेक कृष्णेच्या काठावर. मुलगी संशोधनासाठी उत्तर इटलीत पार्म्याला असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे राहून आलो. तिथे दुपारी साडेबाराला दुकानांची दारं लागतात ती साडेतीन-चारला उघडतात. जूनमध्ये बाहेर आपल्याकडच्या मे महिन्यासारखं ऊन असतं. खिडक्यांच्या हिरव्या झडपा ओढून घ्यायच्या आणि अंधाऱ्या खोलीत बसायचं. मुलगी प्रयोगशाळेत, ही दुपारची आडवी झालेली, आणि मी पुस्तक घेऊन. माझं इंग्रजी वाचन संथ आहे, तरी तीन महिन्यांत जोन्सची चार पुस्तकं झाली.

पहिलं हाताला लागलं ते ‘द डार्क हार्ट ऑफ इटली’. मुलीने जुन्या पुस्तकांच्या टेबलावरून उचललं होतं, कारण मलपृष्ठावर पार्म्याचं नाव होतं. जोन्स ब्रिटिश पत्रकार. लंडनमध्ये नियतकालिकं-वर्तमानपत्रांत काम करत होता, १९९९ मध्ये इटलीत आला आणि पार्म्यातच राहिला. चार वर्षांनी, २००३ मध्ये, हे पुस्तक आलं. इटलीविषयी परदेशी माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांचा एक ठरलेला साचा असतो: डोंगरावरचं पडकं घर विकत घ्यायचं, त्याची डागडुजी करायची, शेजारचा म्हातारा ऑलिव्हचं तेल आणून देतो, संध्याकाळी अंगणात वाइन. जोन्सने त्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं होतं. तो जिथे राहतो तो सपाट मुलूख आहे. हिवाळ्यात धुकं, उन्हाळ्यात डास, भोवती मक्याची शेतं, गोठे आणि डुकरांचे कारखाने.

या पुस्तकाचा सुरुवातीचा भाग भाषेविषयी आहे आणि तो मी दोनदा वाचला. नवीन भाषा शिकणारा माणूस त्या समाजाचे उंबरठे कसे ओळखायला लागतो, ते त्यात फार चांगलं आलं आहे. इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेई’ असा भेद आहे, म्हणजे आपलं अरे-तुरे आणि अहो-जाहो. इंग्रज माणसाला तो मुद्दाम शिकावा लागतो. मराठी माणसाला जन्मजात कळतो. ‘चाव’ हा शब्द आपण सिनेमात ऐकतो, त्याचं मूळ व्हेनिसच्या बोलीतल्या ‘गुलाम’ या अर्थाच्या शब्दात आहे: ‘मी आपला दास.’ आणि ‘स्तोरिया’ या एकाच शब्दात इतिहासही येतो नि गोष्टही. जोन्स या शब्दापाशी रेंगाळतो ते योग्यच आहे, कारण पुढच्या सगळ्या पुस्तकात तो ज्या प्रकरणांच्या मागे लागतो तिथे इतिहास कुठे संपला नि गोष्ट कुठे सुरू झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

पदव्यांचंही तसंच. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सत्तरीच्या बाई राहतात. मी धरणा-कालव्यांवर काम केलंय असं मुलीने सांगितल्यापासून त्या मला जिन्यात ‘बोंजोर्नो, इंजेन्येरे’ म्हणायला लागल्या. नमस्कार, अभियंता. आमच्या खात्यात शाखा अभियंत्याला रावसाहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर कुणी तसं हाक मारणारं उरलं नव्हतं. त्या परक्या जिन्यात रोज सकाळी मला ते ऐकायला मिळालं, आणि भाषेचं ते प्रकरण खरं आहे याची माझ्यापुरती खात्री पटली.

मग पुस्तक काळोखात शिरतं. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझा फोंताना या चौकातल्या शेतकी बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. पोलिसांनी अराजकवाद्यांना उचललं. त्यांतला जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मेला. ज्याच्या खोलीतून तो पडला त्या पोलीस अधिकाऱ्याचा, लुइजी कालाब्रेसीचा, १९७२ मध्ये घराबाहेर गोळ्या घालून खून झाला. त्या खुनासाठी पुढे कितीतरी वर्षांनी आद्रियानो सोफ्री या डाव्या नेत्याला शिक्षा झाली. जोन्स हे सगळं एखाद्या जुन्या वकिलाच्या चिकाटीने उलगडतो. खटले, पुनर्विचार, निर्दोष सुटका, पुन्हा खटला. पुस्तक छापून झाल्यावर, २००५ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: बॉम्बमागे अतिउजव्या गटाची दोन माणसं होती, पण ती आधीच निर्दोष सुटलेली असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येणार नाही. हा निकाल मुलीने मला शोधून वाचून दाखवला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

कागदपत्रांचा जाच त्याने लिहिला आहे, तो मुलीच्या वाट्यालाही आला. राहण्याचा परवाना नवा करायचा म्हणून तिने अर्ज भरला, त्यावर १६ युरोचं मुद्रांक तिकीट लावलं, बोटांचे ठसे दिले, आणि मग आठ महिने एका कार्यालयाच्या दारात फेऱ्या मारल्या. कार्ड हाती आलं तेव्हा त्याची मुदत संपायला जेमतेम चार महिने उरले होते. बाहेरच्या रांगेत तिच्या पुढेमागे पंजाबी मंडळी. पो खोऱ्यातल्या गोठ्यांवर गेली तीसेक वर्षं पंजाबातली माणसं राबतात. ज्या पार्मिजानो चीजचं नाव जगभर घेतलं जातं, ज्याच्या एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं नि किमान बारा महिने मुरवावं लागतं, त्यातलं पुष्कळसं दूध पहाटे त्यांच्या हातून येतं. तिथून फार लांब नाही, त्या नोव्हेल्लारा गावात २००० साली गुरुद्वारा झाला. आम्ही एका रविवारी गेलो होतो. लंगरमधली डाळ खाऊन हिला बरं वाटलं.

तरीही ‘डार्क हार्ट’वर माझा आक्षेप आहे, आणि तो बारीक नाही. पुस्तक लिहिणारा तिशीच्या आसपासचा आहे, ज्या देशावर प्रेम बसलं त्याने निराश केलं म्हणून रागावलेला. तेव्हाचा पंतप्रधान बेर्लुस्कोनी, त्याच्या दूरचित्रवाहिन्या, त्याचे कायदे यांनी पुस्तकाचा फार मोठा भाग गिळला आहे. त्या वेळी ते आवश्यक असेल. आज ती पानं जुन्या वर्तमानपत्रासारखी लागतात. इटलीत हे पुस्तक आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि मला त्या रागावलेल्या वाचकांचंही म्हणणं समजतं. बाहेरचा माणूस चार वर्षं राहतो आणि आपल्या घरातलं सगळं कुजकं काढून उन्हात मांडतो. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात पार्म्याच्या अगदी शेजारच्या कोलेक्कियोत मुख्यालय असलेली पार्मालात ही बलाढ्य दूध कंपनी कोसळली. हिशेबात अब्जावधी युरोंचं भगदाड निघालं आणि हजारो साध्या माणसांची रोख्यांत घातलेली पुंजी बुडाली. म्हणजे तो ज्याविषयी ओरडत होता ते त्याच्या दाराशीच होतं.

मला त्यात कमी वाटलं ते साधं सुख. २३ जूनच्या रात्री, संत जोव्हान्नीच्या आदल्या संध्याकाळी, पार्मा जिल्ह्यात सगळे घराबाहेर टेबलं मांडतात आणि ‘तोर्तेल्ली देर्बेत्ता’ खातात. मैद्याच्या पातळ पारीत चाकवतासारख्या पालेभाजीचं नि रिकोत्ता चीजचं सारण, चौकोनी आकार, वरून वितळलेलं लोणी नि किसलेलं पार्मिजानो. हिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘ही तर उकडलेली करंजी.’ त्या रात्रीचं दव अंगावर पडावं म्हणून लोक उशिरापर्यंत बाहेर बसतात. ते दव औषधी असतं अशी समजूत आहे. तळमजल्यावरच्या बाईंनी आम्हालाही अंगणात बसवलं, रात्री साडेबारापर्यंत. कुणाला घाई नव्हती. लहान पोरं टेबलाखाली झोपली होती. असं एक पान ‘डार्क हार्ट’मध्ये असतं तर बाकीचा काळोख जास्त खरा वाटला असता.

‘ब्लड ऑन द ऑल्टर’ मी वाचलं, पण त्याविषयी फार लिहिणार नाही. दक्षिणेतल्या पोतेन्त्सा गावात १९९३ मध्ये एक सोळा वर्षांची मुलगी चर्चला म्हणून गेली ती नाहीशी झाली. २०१० मध्ये तिचा देह त्याच चर्चच्या माळ्यावर सापडला. जोन्सने त्या कुटुंबाशी प्रामाणिकपणे वागून लिहिलं आहे. रात्री वाचू नका.

‘अल्ट्रा’ हे २०१९ चं. फुटबॉल संघांच्या कट्टर पाठीराख्यांविषयी. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, त्यामुळे संघांची नि टोळ्यांची नावं मला शेवटपर्यंत पाठ झाली नाहीत आणि मधली शंभरेक पानं मी ओढत नेली. पण कालाब्रियातल्या कोसेन्त्साचा भाग कुणीही चुकवू नये. गरीब, कायम खालच्या वर्गात खेळणारा संघ; पण त्याचे अल्ट्रा बेघरांना जेवायला घालतात, निर्वासितांसाठी उभे राहतात, आणि त्यांच्यामध्ये एक दाढीवाला फ्रान्सिस्कन साधू स्टेडियमच्या कठड्यावर उभा राहून घोषणा देतो. दुसऱ्या बाजूला युव्हेंतुसच्या तिकिटांचा काळाबाजार नि त्यात शिरलेले माफिया. एकाच शब्दाखाली इतकी वेगळी माणसं मावतात. ‘डार्क हार्ट’ लिहिणाऱ्या जोन्सने इथे निवाडा देऊन टाकला असता. ‘अल्ट्रा’तला जोन्स बसमध्ये त्यांच्याबरोबर बसून शेकडो किलोमीटर जातो, त्यांची बिअर पितो, ऐकतो. फॅसिस्ट सलाम ठोकणाऱ्यांची गय करत नाही, पण त्यांचंही ऐकून घेतो. मधल्या काळात तो इटली सोडून गेला होता, इंग्लंडमध्ये जंगलात घर करून संकटातल्या माणसांना तिथे आसरा देत होता, आणि मग बायको-मुलांसह पुन्हा पार्म्यालाच परतला. वाचणाऱ्याला तो फरक जाणवतो.

आणि आता पो.

‘द पो’ २०२२ मध्ये आलं. उपशीर्षकात त्याने इटलीतल्या सर्वांत लांब नदीचं शोकगीत असं म्हटलं आहे. नदी ६५२ किलोमीटरची. मोनव्हिसो पर्वताच्या पायथ्याशी पियान देल रे इथे, साधारण २,००० मीटर उंचीवर, ती उगम पावते आणि तूरिन, पियाचेन्त्सा, क्रेमोना करत एड्रियाटिक समुद्राला मिळते. जोन्स उलटा चालतो. समुद्राकडून उगमाकडे. आधी खारट, थकलेली, अनेक फाट्यांची नदी आणि सगळ्यात शेवटी दगडातून निघणारं थंड पाणी. शोकगीत म्हणून सुरू झालेलं पुस्तक अशाने शेवटी लहान मुलासारखं होत जातं. ही रचना मला फार आवडली. आमच्या खात्यातही नदीची पाहणी नेहमी वरून खाली. खालून वर गेलं तर काय दिसेल असा विचार मी कधी केला नव्हता.

त्रिभुज प्रदेशातली पानं मी पेन्सिल घेऊन वाचली. १४ नोव्हेंबर १९५१ ला पोचा बांध फुटला आणि पोलेसिने हा सखल मुलूख बुडाला. सुमारे एक लाख हेक्टर जमीन पाण्याखाली, शंभराच्या आसपास मृत्यू, १ लाख ८० हजार माणसं बेघर. मृतांतले बहुतेक एकाच ट्रकमध्ये होते. पूरग्रस्तांना घेऊन जाणारा तो ट्रक रात्री पाण्यात अडकला. घर सोडून गेलेल्यांपैकी किती तरी कुटुंबं परत आलीच नाहीत. मिलान-तूरिनच्या कारखान्यांत कायमची राहिली. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो, पण सवयीने तासातासाला आकडा लिहीत होतो. आमच्या ओळखीतली दोन घरं तेव्हा विश्रामबागला गेली ती गावभागात परतली नाहीत. आकडे वेगळे आहेत, देश वेगळा आहे. पण पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ सगळीकडे तशीच असते.

एका सकाळी मी एकटाच गाडीने कासालमज्जोरेला गेलो. पार्म्याहून गाडी पो ओलांडून पलीकडच्या काठावर जाते. गावाच्या आणि नदीच्या मध्ये मोठा मातीचा बांध, इटालियनमध्ये ‘आर्जिने’. वरून माणसं सायकली चालवतात. बांधाच्या आत, नदीपर्यंतचा जो पूरपट्टा, त्याला ते ‘गोलेना’ म्हणतात. आमच्याकडे त्याला मळी म्हणतात. गाळाची, कसदार, आणि दर काही वर्षांनी नदी परत मागणारी जमीन. तिथे रांगेने पॉप्लरची झाडं लावलेली होती. मी बांधाचा उतार पावलांनी मोजला, माथ्याची रुंदी मोजली, आणि मोजपट्टीपाशी उभा राहून पाणी वाचलं. तिथल्या एका मासेमारी करणाऱ्या माणसाने मला हाताने दाखवलं की २००० च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हाताची ती खूण मला पूर्ण कळली.

अभियंता म्हणून माझी तक्रार एवढीच, की जोन्स पाण्याच्या हिशेबात कमी रमतो. त्याला माणसं, दंतकथा, खून, कवी, चित्रकार यांचा जास्त ओढा आहे, आणि दर थोड्या पानांनी तो नदी सोडून एखाद्या गल्लीत शिरतो. अशा गल्ल्या मला कधी कंटाळवाण्या झाल्या. पोचं पात्र गेल्या शतकाच्या मध्यानंतर बेसुमार वाळू उपशाने मीटरच्या मीटर खाली गेलं. त्रिभुज प्रदेशात जमिनीखालून मिथेन वायूसाठी खारं पाणी उपसल्याने जमीनच दोन-तीन मीटर खचली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो उपसा बंद करावा लागला. आता तिथली शेतं समुद्रपातळीच्या खाली आहेत आणि पंप अहोरात्र चालवून कोरडी ठेवावी लागतात. एक दिवस पंप थांबले तर काय होईल, या एका प्रश्नावर स्वतंत्र प्रकरण व्हायला हवं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात तर नदी इतकी आटली की १९४३ मध्ये बुडालेली एक मालवाहू बार्ज ग्वाल्तिएरीजवळ वाळूत उघडी पडली, आणि समुद्राचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत घुसलं.

पण या पुस्तकात जोन्स कुणाला दोष देण्याची घाई करत नाही. नदी प्रदूषित आहे, धरणांनी-कालव्यांनी पिळलेली आहे, काठावरचे लोक तिच्याकडे पाठ फिरवून बसले आहेत, हे सगळं तो लिहितो. आणि लिहिताना तो त्या काठावरचाच एक असतो. ‘तुमची इटली’ म्हणणारा माणूस वीस वर्षांत ‘आपली नदी’ म्हणायला लागला. म्हणूनच ही पुस्तकं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचावीत असं मला वाटतं. फक्त ‘द पो’ वाचलं तरी ते उत्तम आहे. पण आधी ‘डार्क हार्ट’मधला राग वाचलेला असेल तर नदीवरची ती शांतता कुठून आली ते उमगतं. इंग्रजी अवघड नाही. इटालियन शब्द बरेच येतात, पण त्यांचा अर्थ तिथेच लागतो.

पियान देल रेला एका दगडावर ‘इथे पो जन्मते’ असं कोरलेलं आहे. आमचं तिथे जाणं झालं नाही. हिचे गुडघे दुखत होते. शेवटची पानं मी परतीच्या विमानात वाचली आणि मला जुन्या महाबळेश्वरचं गोमुख आठवलं, जिथे नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या उपविभागीय अभियंत्यांनी आम्हा नव्या मुलांना मुद्दाम नेलं होतं.

माझी प्रत सध्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे आहे. तो नदीवर मोजपट्टी वाचायचा, रात्री-अपरात्री कंदील घेऊन. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. पोलेसिनेच्या पुरापर्यंत पोचला होता. म्हणाला, ‘रावसाहेब, बांध नेमका कुठल्या गावाला फुटला? मी नकाशा उघडून बसलोय.’

ओकियोबेल्लो, मी सांगितलं. डाव्या काठावर.